चांदी धुतलेलं पाणी

पत्र रामबागेच्या पत्त्यावर आलं, अण्णांच्या नावानं,
अण्णा जाऊन नऊ वर्षं झाल्यावर.
सगळं फ्रेंच. त्यात एकच शब्द ओळखीचा निघाला,
स्पेलिंग जरा वेगळं, पण इंदूरला तो शब्द पाठ आहे:
लिक्विडेटर.

मालवा मिलच्या रस्त्यावर कुठल्याही पानवाल्याला विचारा.
भोंगा थांबल्यावर येतो तो माणूस,
मागांवर खडूनं आकडे घालणारा.

बाकीचं शौचेबाईंनी वाचलं,
चष्मा कपाळावर, बोट ओळीखाली:
पॅरिसबाहेरची, नदीकाठची ती लॅब बंद झाली आहे.
आपले चार डबे, निगेटिव्ह, सोळा मिलिमीटर,
तळघरात आहेत. तीन महिन्यांत न्यावेत.
न नेल्यास...
"न नेल्यास काय, ते कायद्याच्या भाषेत आहे," बाई म्हणाल्या,
"पण तू समजलीस."

चार डबे. म्हणजे ती खरंच होती.
आम्हाला वाटायचं, फिल्म ही अण्णांची एक सवय आहे,
जेवणानंतर सुपारी कातरण्यासारखी.

अठ्ठ्याहत्तर साली शिष्यवृत्तीवर गेले,
जाताना गिरणीची दुसरी पाळी बरोबर नेली,
डब्यात, न धुतलेली.
कस्टमवाल्याला हात जोडले म्हणे,
"उघडू नका साहेब, उजेड लागला तर माणसं जातील."

लॅबबद्दल मात्र रंगून सांगायचे.
पक्क्या काळोखात बिनदिक्कत चालणाऱ्या बायका,
पांढऱ्या सुती हातमोज्यांत निगेटिव्ह कापणारी मादाम ओदेत.
तिची आई तिथेच होती, आईची आईही,
जेव्हा पोरी ओळीत बसून
एकेक फ्रेम कुंचल्यानं रंगवत,
टिकलीएवढ्या बाईला टिकलीएवढं निळं लुगडं.
पुढे लढाई आली, आणि जुन्या फिल्मा वितळवून
शिपायांच्या बुटांच्या टाचा केल्या.
हे सांगून ओदेत म्हणाली होती,
"तुमच्या गिरणीवाल्यांची टाच होऊ देणार नाही, मोस्यू."

नाही होऊ दिली. पण बिल राहिलं,
म्हणून डबे राहिले.

अण्णा परतले, इमली बाजारात पासपोर्ट फोटो काढू लागले.
वापरलेला हायपो माठात साठवायचे.
महिन्याकाठी रज्जाक न्यारिया कॅन घेऊन यायचा,
तोच, जो पहाटे सराफ्याच्या मोरीतली धूळ झाडून न्यायचा.
मी विचारलं, या घाण पाण्यात काय आहे?
"चांदी. चित्राला लागते तेवढी चित्रात राहते,
उरलेली इथे."
आणि ती जायची कुठे, ते मी विचारलं नाही.

पावती सुपारीच्या डब्यात सापडली. देणं अकराशे चाळीस फ्रँक.
शौचेबाई हसल्या, हे नाणंच आता चालत नाही.
पुण्याहून भाऊ फोनवर: कुरिअरचे चाळीस हजार?
आणि बघणार कशावर? आणि कोण?

कोण, ते बघायला मी परदेशीपुऱ्यात गेले.
कन्हैयालालजी खाटेवर, उशाला थकबाकीची फाईल,
एकवीस वर्षांच्या तारखा.
दुसरी पाळी? अठ्ठ्याहत्तर?
बराच वेळ गप्प. मग,
"उसमें आवाज है क्या?"
नाही, मुकी आहे.
"तो सही है. अंदर वैसे भी कुछ सुनाई नहीं देता था.
हम लोग होंठ देखके बात करते थे.
ले आओ बेटी, मैं पढ़ दूँगा."

रात्री फॉर्म भरायला बसले.
मालकाचं नाव. नातं. सही.
डब्यांत काय आहे, या रकान्यापाशी पेन अडलं.
मग मराठीतच लिहिलं, शौचेबाई बघतील पुढचं:
माणसं, अंदाजे साठ.
बोलत आहेत.
उजेडात उघडू नये.