दुरुस्ती

दर गुरुवारी, पान सहा, चारशे शब्द.
वर टायरची जाहिरात, खाली एसीवाल्याची,
मधे मी, मुहर्रकच्या गल्ल्या,
आणि माझा तिकिटाएवढा फोटो, ज्यात टिकली
छपाईचा डाग वाटते.

खलीलसाहेब म्हणतात, तारीख घाल.
घालते. पण या गावाने समुद्रच भराव टाकून मागे ढकललाय.
गलबतं ओढून घ्यायचे तिथे सुपरमार्केटचं पार्किंग,
आणि भर दुपारी, कुणी नसताना,
डांबराला ओल्या दोराचा वास येतो.
हे लिहिलं होतं. त्यांनी कापलं.
पुरावा नाही म्हणाले.

मग पाडायला काढलेल्या दुकानाच्या माळ्यावर
एक चोपडी सापडली. लोकांनी तीन दिवस
उलटीसुलटी धरून पाहिली,
फारसी असेल, जादूटोणा असेल.
माझ्या हातात आली तेव्हा हसूच फुटलं.
मोडी.
मुंबईच्या कुठल्या मोत्यांच्या पेढीवरचा कारकून,
घामाने कागद चिकटत असताना
लेखणी न उचलता ओळ ओढत गेलेला.
आजोबा गुहागरच्या कचेरीत नकला उतरवायचे,
त्यांनी पाटीवर गिरवून घेतलेलं हे अक्षर
चाळीस वर्षांत कशाच्या कामी आलं नव्हतं.

तांदूळ दोन गोणी. खजूर. काथ्या.
सालेम जुमा, गाणारा, येणे रुपये बावीस.

गाणारा!
बुडी मारणारा नाही, वल्हं ओढणारा नाही.
इतरांचे हात थांबू नयेत म्हणून
गलबतावर ठेवलेला एक गळा.

चारशे शब्द एका रात्रीत झाले.
त्याचं निळ्या दरवाजाचं घरही शोधून काढलं.
खलीलसाहेबांनी एक शब्द कापला नाही.

शनिवारी फोन. हेस्सा बिन्त सालेम.
वय विचारलं नाही, आवाजातच होतं.
“दरवाजा निळा नव्हता. निळा आम्ही नंतर दिला,
तो गेल्यावर, नावेचा रंग उरला होता म्हणून.
आणि तो गोड गायचा, हे तुला कुणी सांगितलं?
आवाज फाटका होता. दम होता.
तेवढंच लागायचं.”
मी लिहून घेत होते.
मग बराच वेळ फोनमध्ये नुसता पंखा.
“ते बावीस रुपये. अजून आहेत?”

काय सांगणार? पेढी बुडाली, तो रुपयाही गेला.
तिच्या भावाला त्या बावीसांपायी तेराव्या वर्षी
नाकाला चिमटा लावून खाली सोडलं होतं.
हेही तिनेच सांगितलं, बाजारभाव सांगावा तसं.

परत चोपडी काढली. पान उलटलं,
जे मजकूर भरला म्हणून उलटलंच नव्हतं.
नावापुढे एक शब्द, शाई फुटलेली.
वसूल असेल. मयत असेल.
आजोबा सांगायचे, शंका आली तर पुढची ओळ पाहावी.
पुढची ओळ गुळाची होती.

दिवा जवळ ओढून रात्रभर बघत बसले.
माझ्या ओळखीत इथे मोडी वाचणारं
दुसरं कुणी नाही.

या गुरुवारी लेख नाही.
टायरच्या खाली तीन ओळींची चौकट:
गेल्या आठवड्यात दरवाजाचा रंग चुकला.
सालेम जुमा यांचा आवाज फाटका होता.
त्यांच्याकडून काहीही येणे नाही.

खलीलसाहेब म्हणाले, कधी फिटलं? तारीख?
म्हटलं, आजची घाला.