वखारीतली

आठ चाळीसला मी वरच्या खिडकीत उभी राहते.
त्याआधी जिन्याच्या उरलेल्या चार पायऱ्यांवर बसून
थर्मासमधला चहा, मग केस सोडायचे,
मग चपला पिशवीत.
भुताच्या पायात निळे पट्टे दिसले
तर झिलू गिरपचे माणशी अडीचशे बुडाले.

वेंगुर्ल्याच्या बंदराकडून टॉर्च निघतात, मोजते मी.
आज सतरा, म्हणजे मोठी गाडी आलीय,
पुण्याची, नाहीतर बेळगावची.
खाडीच्या काठाशी उजेड थबकतो:
तिथे झिलूचा गिऱ्हो, पाण्यातून पाय ओढणारा.
ओहोटीला पाणी घोट्याएवढं,
पण झिलू आवाज खाली नेतो, अन् पाणी चढतं.

पुढे चिंच.
देवचाराच्या जागेवर तो टोपी काढतो,
कुणाला फोटो काढू देत नाही.
वहाणा तेवढ्या दाखवतो, गावाने जत्रेला ठेवलेल्या,
वर्ष संपायच्या आत टाचा झिजलेल्या.
"सीम फिरता रातभर. तेका हसा नकात."
मी एकदा म्हटलं, मग माझ्यावर बरे हसता.
म्हणाला, "तुझो धंदो गो. तो राखणदार."

माझी गोष्ट त्यानेच रचली,
काजूच्या कारखान्यामागे, विडी ओढता ओढता:
वलंदेजी कारकुनावर जीव जडलेली कोणी,
जहाज गेलं, ती जायफळं मोजत राहिली.
नाव काय हिचं? मी विचारलं.
"भुताक नाव कित्याक?
नाव असता तर कागद नसतो काय?"

कागद माझ्याकडे पिशवीभर आहेत.
बावीस वर्षं काजू फोडले.
डीक बोटांवरच्या रेषा खातो,
आधी कडा, मग सगळं.
रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा ठेवते.
पूस. ठेव. खोबरेल लाव. ठेव.
डावा बघू. पदराला घास.
मागे रांग खोकते.
दुकानदार पारकर वाईट नाही,
शाळेत माझ्या मागच्या बाकावर होता,
मान वर न करताच सांगतो:
"द्वारके, तू नाय आसस म्हणता ह्यां मशीन."
कचेरीत अर्ज दिला, तीनदा.
तिन्ही वेळा साहेब म्हणाले, सोमवारी या.

इथे मात्र
सतरा माणसं एका दमात ओरडतात:
आहे! ती बघ, आहे! आहे!

गेल्या शनिवारी टॉर्चच्या झोतात
साहेबांचं टक्कल ओळखलं.
सहकुटुंब आले होते, गळ्यात मफलर.
ठरल्याप्रमाणे मी तीस मोजून मागे सरते.
सरले नाही.
हात वर केला, अंगठा पुढे,
आणि त्यांच्या कपाळाच्या दिशेने
हवेवर दाबून धरला.
पूस. ठेव.
त्यांच्या बायकोच्या हातून मोबाईल पडला,
कुणीतरी आई गं म्हणालं,
मला वाटतं तेच.

नंतर झिलू पैसे मोजताना:
"आज काय केलंस गो?
पन्नास जास्त दिल्यानी, वर पाणी मागीत होते."
सही नाही, अंगठा नाही.
नोटा हातात, घामाने थोड्या ओल्या.

अकराला एकटी चालत घरी.
चिंचेजवळ आले की खाकरते
आणि मोठ्याने सांगते,
मी द्वारका, टेमकरांची, वरच्या वाडीतली,
आज जरा उशीर झालो.
तो कधी काही मागत नाही.
पान हलतं, नाहीतर हलत नाही.
पुढे उतारावर खडी टोचते
तेव्हा लक्षात येतं,
चपला अजून पिशवीतच आहेत.