किमान

साडेपाचला बॅटरी घेऊन मी पायऱ्या उतरते,
पांढऱ्या झडपांची पेटी उघडते.
आत चार तापमापक, एक मेलेला नाकतोडा,
आणि रात्र जिथवर खाली गेली
तिथेच थांबलेली एक बारीक काडी.
पंधरा पूर्णांक आठ.
फेब्रुवारी तोंडावर, आणि हर्णैत पंधरा पूर्णांक आठ.

काल संध्याकाळी रेडिओ म्हणाला होता,
थंड हवेची आघाडी उत्तरेकडून सरकते आहे,
कोकणात किमान तापमान दोन ते तीन अंशांनी घटेल.
आघाडी म्हटल्यावर टपरीवर
कुणीतरी विचारलंच, जागावाटप झालं का?
पालघर ते वेंगुर्ला, एवढा लांब किनारा,
त्याला एकच वाक्य.
आई आम्हा सहा जणांना एक चादर पुरवायची
तसं.
कुणाचा ना कुणाचा पाय उघडा.

उघडे पाय मला फोन करतात.
मुर्डीचे बिवलकर विचारतात, अजून किती दिवस?
डिसेंबरात हेच थंडी मागत होते.
आता झाडाला गोटीएवढी फळं,
आणि या गारव्यानं झाड पुन्हा मोहरलं
तर नव्याच्या नादात हातची कैरी टाकतं.
‘मेल्याला एकावर भागत नाही,’ म्हणतात,
आणि हसता हसता थांबतात.

पाजपंढरीची हिराई चोगले अंश विचारत नाही,
वारा विचारते.
पहाटेची मतलई अशीच सुटली
तर वलांडीवरचे बोंबील दोन दिवसांत खडखडीत.
जावयाची होडी मात्र
उत्तरेचा जोर आहे म्हणून तीन दिवस खाडीत.
दोन्ही ती एकाच दमात सांगते,
बोंबील आधी.

अंदाज मी वर्तवत नाही हो, मी सांगते.
होऊन गेलेली रात्र वाचते फक्त.
कुणालाच ते खरं वाटत नाही.

साडेसहाला हुनेरकर चाचा.
एकतीस वर्षं ही पेटी त्यांनी उघडली.
आता मोतीबिंदू, आणि या पायऱ्या.
आकडा मी सांगायचा नाही,
आधी त्यांनी ओळखायचा, असं ठरलेलं आहे.
खोबरेल बाटलीच्या गळ्यापर्यंत थिजलंय,
वुजूचं पाणी हवेपेक्षा ऊन लागलं,
कुत्रा चुलीच्या राखेत शिरलाय.
सगळं मांडून, जरा थांबून,
‘पंधरा आठ,’ म्हणतात.

महिनाभर रोज चुकत होते.
रोज, ‘उद्या बघ,’ म्हणून फोन ठेवत होते.

‘सोळा दोन, चाचा,’
मी म्हणाले.

पलीकडे कोंबडा आरवला,
कुणीतरी बादली ठेवली.
‘पोरी, काडीचं कुठलं टोक वाचलंस?’
‘वाचायचं तेच.’
‘बॅटरी नीट धरलीस?’
‘धरली.’
मग ते हसले, खोकले, पुन्हा हसले.
‘बरं. उद्या बघ.’

नोंदवहीत खरा आकडा निळ्या शाईत आहे,
शाईही जरा जड चालत होती.

साडेआठला ऊन पेटीच्या पायांपर्यंत आलं.
किमानाचा तापमापक मी तिरका केला,
काडी घसरत घसरत
आत्ताच्या हवेपाशी येऊन टेकली.
नाकतोडा काढून टाकला.
पेटीची कडी घातली.
खाली बंदरावर कुणीतरी
कानटोपीतूनच लिलाव पुकारत होतं.