लॉसीमथच्या खाणीत

वॉटी गेडीसने छिन्नी लावली,
पिवळट वालुकाश्म पावासारखा उकलला,
आणि आत काहीच नव्हतं.

म्हणजे हाड नव्हतं.
हाडाची जागा होती:
बरगड्या, जबडा, शेपटीचा मणी न् मणी,
रिकामा.

खाली उत्तर समुद्र धुक्यात खाकरत होता.
इथे वाळवंट होतं, म्हणाला एल्गिनहून आलेला म्युझियमवाला,
बावीस-तेवीस कोटी वर्षांमागे.
वॉटीने आपल्या ओल्या मोज्यांकडे पाहिलं.

त्या माणसाने पोकळीत काहीतरी पातळ ओतलं,
घट्ट झाल्यावर हलकेच सोलून काढलं:
सरपटणारं एक जनावर,
वाकड्या पायांचं, अख्खं.

संध्याकाळी एल्स्पेटने हॅडॉकचं सूप वाढलं.
तिसऱ्या खुर्चीवर कुणी बसत नाही
होडी परतली नाही तेव्हापासून.
दाराशी पोराचे रविवारचे बूट,
आत पाच बोटांचे पाच खळगे.
ती बाहेरून पॉलिश करते दर शनिवारी,
आत हात घालत नाही.

वॉटी बराच वेळ चमचा ढवळत राहिला.
मग म्हणाला, आज खाणीत
काहीच नाही सापडलं.

आणि थोड्या वेळाने:
अगदी नीट जपून ठेवलेलं.