टीप क्रमांक सतरा

वार्षिक अहवाल म्हणजे लग्नातला ग्रुप फोटो.
दोनशे अठरा पानं, कुणाचेही डोळे मिटलेले नाहीत.
मुखपृष्ठावर आमचा फ्योर्ड, आहे त्याहून निळा,
आत अध्यक्षांचं पत्र: ‘वर्ष आव्हानात्मक होतं.’
हे वाक्य माझं. नऊ वर्षं मीच लिहिते आहे.

तिमाही अहवालाला धाप लागलेली असते.
नव्वद दिवसांत समुद्रानं काय मिळवलं, सांगा पटकन.
पिंजऱ्यातल्या सॅमनला कुठं ठाऊक
तिमाही कधी संपली?

शाश्वततेचा अहवाल हिरव्या कव्हरात,
पाहुण्यांसाठी काढलेल्या कपबश्या.
खोटं त्यात काही नसतं. रोजची कॉफी मात्र
दुसऱ्याच कपातून.

आणि ती सूचना. शेअर बाजाराला. चार ओळी,
एकही विशेषण नाही, बाजार उघडायच्या आत.

त्या रविवारी जेलीफिश जाळ्यांतून आत शिरले.
बाबा, पिंजऱ्यांवर एकतीस वर्षं,
संध्याकाळी जेवायला आले. हात तीनदा धुतले,
तरी वास होताच.
मला दुपारीच कळलं होतं. वकील आयविन्दचा फोन:
माहीतगारांच्या यादीत तुझं नाव बारावं.
(तेरावं बाबांचं, हे दुसऱ्या दिवशी पाहिलं.)
कायदा चांगला आहे. कळायचं तर सगळ्यांना, एकाच क्षणी:
ओस्लोच्या बँकेला, बोस्टनच्या पेन्शन फंडाला,
आणि धक्क्याजवळच्या सोल्वायग काकूला,
जिचे चाळीस शेअर आहेत.
‘बटाटे छान झालेत,’ बाबा म्हणाले.
‘मीठ द्या,’ मी म्हणाले.
दोघांनाही ताक हवं,
दोघांच्याही पाठीमागे भांडं.

सकाळी सात वाजून दोन मिनिटं:
सहा लाख चाळीस हजार मासे.
साडेनऊपर्यंत भाव अकरा टक्क्यांनी खाली.

एप्रिलमध्ये अहवाल छापून आला. तेच मासे
आता टीप क्रमांक सतरा:
‘जैविक मालमत्ता, रास्त मूल्यातील घट.’
लेखापरीक्षकांनी सही केली होती.

बाबांनी चष्मा लावला. टिपेवर बोट ठेवून
दुसऱ्या हातानं आपली मेणकापडी वही उघडली,
रोजचे मेलेले, पाण्याचं तापमान, शिसपेन्सिलीत.
बेरीज दोनदा केली.
‘आकडा बरोबर आहे, राग्नहिल्ड.’
मग बराच वेळ काहीच नाही.
‘वारा वायव्येचा होता.
ते कुठं लिहिलं नाहीस.’