चार मिलीमीटर

मार्चात गंगावेशीच्या मागं आमचा डंक
पहाटे पाचला धडधडायला लागतो.
संकेश्वरी, ब्याडगी, कुणाची मुद्दाम लवंगी.
बायका डबे रांगेला लावून बसतात, पदर नाकाला,
आणि सगळ्या रडतात,
रडता रडता सुनांबद्दल बोलतात.

मी एकटी कोरडी.
एकवीस वर्षं त्या धुरळ्यात उभी राहून
डोळ्यांनी कधी पाणी सोडलं कळलंही नाही.
पापणी मिटली की आत चटणी,
उघडली की वाळू.
मृणालीच्या पाठवणीला तिची चुलतसासू
पलीकडच्या बाईला म्हणाली,
"आई कडक दिसतीया."
मी ऐकलं. काय सांगणार होते?

डॉक्टर मगदूमांनी राजारामपुरीत
खालच्या पापणीला कागदाची पट्टी अडकवली.
पाच मिनिटं. पंखा बंद.
खाली केएमटीचा कंडक्टर दोनदा शिट्टी मारून गेला.
पट्टी उजेडात धरून ते म्हणाले, चार मिलीमीटर.
एवढंच. ज्वारीच्या दाण्याएवढं
माझं सगळं रडं.

थेंब लिहून दिले. मग जरा थांबून एक डबी.
"ही पोटासाठी."
डोळा वर, पोट खाली, मी बोटानं दाखवलं.
"यात जिवंत जंतू आहेत. चांगले.
पोटातल्या गडबडीची खबर डोळ्यापर्यंत जाते
असं दिसायला लागलंय. पण अजून पक्कं नाही.
थेंब सोडू नका. तीन महिने बघू."

त्यांचं ते 'पक्कं नाही' मला आवडलं.
डंकावर रोज कुणीतरी पक्कंच सांगतं:
तूप घाल, गुलाबपाणी घाल,
वाडीला जाऊन ये.

डबी फ्रीजमध्ये, दह्याच्या गाडग्याला चिकटून.
वर छापलंय, एका गोळीत अब्जावधी.
तौफिक पोतं उतरवत हसला,
"मावशी, त्यापरीस दोन गलास ताक प्या की."
मी दोन्ही करते.
धंदा आहे माझा, एका गिऱ्हाइकावर बसत नाही.

रात्री कट्ट्यावरचं दूध कोमट करून
चमचाभर कालचं त्यात सोडते.
हे विरजण सासूनं कागलहून आणलेलं,
ती गेली, ते अजून लागतंय.
हलवायचं नाही, झाकायचं, विसरायचं.
मग गोळी गिळते आणि अंधारात पडून विचारते,
बाबांनो, आत जाऊन तुम्ही
कुणाच्या कानाला लागता?
आणि माझं नाव नीट सांगता का?

जूनच्या शेवटी पट्टी सहावर आली.
मगदूम म्हणाले, गोळीनं असेल,
हंगाम संपला, डंक बंद, त्यानंही असेल.
मी म्हटलं, चालेल. सहा तर सहा.

काल मृणाली आली.
तांबडा ओरपताना नाक लाल, डोळे वाहतायत,
तरी वाटी पुढं, "आई, अजून."
पळीनं तिला वाढताना
माझ्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी
ओलं सरकलं. वाफ असेल.
पुसलं नाही. तिला सांगितलंही नाही.

चार दिवस राहणार आहे म्हणते.
विरजणाला आज
अर्धा लिटर दूध जादा घ्यायला हवं.