सादिल

धनगरवाड्यावरच्या शाळेचा पट : अकरा.
सादिल अनुदान येतं अकरांच्याच मापानं.
पण छपराचं भोक काही
पट विचारून गळत नाही,
आणि झाडू कुठं
अर्धा विकत मिळतो?

लाईटबिल चौगुले बाईंनी
पगारातून भरलं, तीनदा.
चौथ्यांदा वायरमनच म्हणाला,
"मार्चपर्यंत मी वर आलोच न्हाय, असं समजा."

मग पहिल्या एसटीनं कोल्हापूर.
नागाळा पार्कातली कचेरी, दुसरा मजला.
साहेब भला माणूस. चहा मागवला.
"निकषात बसत नाही हो बाई,"
आणि निकष दाखवला :
छापील, सरळ रेघांचा,
सगळ्या शाळांना सारखा.

बाईंनी पिशवीतून
भागी झोरेची वही काढली.
आत भागीनं स्वतःच घातलेलं गणित :
"अकरा शेरडं. एक लंगडं.
चारा सगळ्यांना सारखा टाकला, पण लांब टाकला.
लंगडं पोचंस्तोवर
किती उरंल?"

खाली उत्तराला
चार ओळी मोकळ्या सोडलेल्या.

साहेबांनी सवयीनं पेन उघडलं.
चहावर साय धरली.
खाली, आवारात, कुणाचीतरी गाडी
मागं घेताना वाजत राहिली.